दीड टन गारवा

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या कॉलेजातील सहकारी महाबळेश्वरला जातात, माथेरानला जातात. ज्यांची मुले परदेशात स्थिरावली आहेत ते तिकडे जातात. आम्ही वरोऱ्याला जातो. चंद्रपूर जिल्ह्यातील हे गाव मे महिन्यात हवा खाण्यासाठी प्रसिद्ध आहे असे कोणीही म्हणणार नाही. पण आमच्या सौभाग्यवतींचे माहेर वरोऱ्यापासून आत, वर्धा नदीच्या अंगाला असलेल्या एका लहानशा गावी आहे, आणि शाळा-कॉलेजांना सुट्टी मेमध्येच असते. तेव्हा याला सहल न म्हणता विवाहाचा एक परिणाम म्हणावे, हेच बरे.

२०२४ च्या मे महिन्यात मात्र आम्ही सुट्टीसाठी गेलो नव्हतो. माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणतो, यांनी ऐंशी ओलांडली आहे. त्यांचे हृदय अशक्त झाल्यापासून नागपूरच्या डॉक्टरांनी बजावून ठेवले आहे, की यांना उन्हाची झळ लागता कामा नये. म्हणून माझ्या मेहुण्यांनी २०२२ मध्ये पुण्याहून पैसे पाठवून दीड टनाचा ए.सी. बसवून घेतला. त्याने दोन उन्हाळ्यांत दोनदा दम तोडला. दोन्ही वेळा जिल्ह्याच्या गावाहून माणूस आला, गॅस भरून पैसे घेऊन गेला. तिसऱ्या उन्हाळ्यात यंत्र पुन्हा घुमू लागले, पण गार हवा येईना. फोन केला तेव्हा कंपनीच्या मुलीने अतिशय गोड आवाजात सांगितले, की आठ दिवसांत माणूस येईल. तिला बिचारीला काय ठाऊक, की ते आठ दिवस नवतपातले होते! सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला, म्हणजे साधारण २५ मेपासून, विदर्भातली माणसे नऊ दिवस बोटांवर मोजतात. पारा पंचेचाळीसच्या पुढे जाणे या दिवसांत नवलाचे नसते.

दादरहून संध्याकाळची गाडी पकडली. बडनेऱ्याच्या आसपास उजाडले. वर्ध्याला उतरून एस.टी. धरली तेव्हा सकाळचे नऊही वाजले नव्हते, पण खिडकीतून येणारा वारा कोणी चुलीपुढे बसून फुंकणीने फुंकावा तसा तोंडावर येत होता. दोन्ही बाजूंना नांगरून उन्हाला टाकलेली काळी जमीन, तिच्यात तळहात जाईल अशा भेगा, बांधावर पऱ्हाट्यांचे ढीग. हिरवे म्हणून काही दिसलेच तर कडूनिंब. अधूनमधून एखादा बहावा पिवळ्या झुंबरांनी लवलेला दिसे आणि या उन्हात ह्याला हे सुचते तरी कसे, असा प्रश्न पडे. गाडीतल्या बायकापुरुषांनी डोक्याकानांभोवती दुपट्टे इतके घट्ट गुंडाळले होते, की आमच्या डब्यात सगळे एकाच पंथाचे अनुयायी बसले आहेत असे वाटावे. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी माझे उघडे डोके पाहिले, पिशवीतून एक कांदा काढला आणि काही न बोलता माझ्या हातावर ठेवला. तो खिशात ठेवायचा असतो. मी एम.ए. असूनही तो ठेवला.

सासरवाडीचे घर जुने. कवेलूंचे छप्पर, दीड हात रुंदीच्या मातीच्या भिंती, आणि मागे सांदवाडीला लागून गोठा. वीस वर्षांपूर्वी मेहुण्यांच्या लग्नाच्या वेळी एक स्लॅबची खोली बाजूला चढवली. ए.सी. त्याच खोलीत आहे, कारण कवेलूंच्या घरातून गारवा शंभर फटींनी निघून जातो. यंत्राला बंद खोली लागते. त्यामुळे झाले असे, की घरातली उन्हाळ्यात सर्वांत तापणारी खोली मामाजींच्या वाट्याला आली. यंत्र चालते तोवर ती काश्मीर. बंद पडले की सिमेंटची भट्टी. माजघरात मात्र मातीच्या भिंतींमुळे भर दुपारीही डोळ्यांना बरे वाटे. पण वैद्यकशास्त्र आणि मुलाची माया या दोहोंपुढे माजघराचे कोण ऐकणार?

आम्ही पोहोचलो तेव्हा खोलीत कूलर लावून ठेवला होता. विदर्भात कूलर हे घरातले एक माणूसच असते. पत्र्याची पेटी, तीन बाजूंना गवताच्या ताट्या, त्यांवर ठिबकणारे पाणी आणि आत पंखा. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता जाते, एवढ्याच तत्त्वावर तो चालतो. हवा कोरडी असेल तोवर तो ए.सी.लाही हार जात नाही. पहिला पाऊस पडला, हवा दमट झाली, की तो नुसता ओला वारा फेकत बसतो. मे महिन्यात तो उत्तम चालायला हवा. पण त्याला वीज लागते. दुपारी स्टॅबिलायझरवरचा काटा पाहिला, तर दोनशे तीसच्या जागी एकशे साठ! कूलरचा पंखा इतका सावकाश फिरत होता, की पाती मोजता यावीत.

दुसऱ्या दिवशी तीनच्या सुमारास वीज गेलीच. अर्ध्या तासाने सासूबाई पाणी द्यायला गेल्या आणि तिथूनच त्यांनी हाक मारली. मामाजी डोळे मिटून पडले होते आणि चाळीस वर्षांपूर्वी वारलेल्या थोरल्या भावाशी बोलत होते. अंग तव्यासारखे तापले होते, घामाचा थेंब नव्हता. हृदयासाठी त्यांना लघवी होण्याच्या गोळ्या चालू आहेत. त्यांनी शरीरातले पाणी आधीच कमी होते, हे आम्हांला नंतर डॉक्टरांनी समजावून सांगितले. त्या क्षणी मला काहीच सुचले नाही. सौ.ने आणि सालदाराने मिळून त्यांना खाटेसकट उचलून माजघरात आणले. ओल्या धोतराने अंग गुंडाळले, मी पुठ्ठ्याने वारा घालत राहिलो. शेजारच्या मुलाने मोटारसायकलवरून डॉक्टरांना आणले. सलाइन लागले. दिवेलागणीला मामाजींनी मला ओळखले आणि विचारले, ‘जावईबापू, तुमचा चहा झाला काय?’ सौ. तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली.

त्या रात्री डॉक्टरांनीच एक फोन नंबर दिला. ‘कंपनीची वाट पाहू नका. हा पोरगा येईल,’ ते म्हणाले.

पोरगा दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आला. वय पंचवीस-सव्वीस. मोटारसायकलच्या मागे एक पंप, दोन लहान सिलिंडर, तांब्याच्या नळीचे वेटोळे आणि हत्यारांची पिशवी सायकलच्या ट्यूबने करकचून बांधलेली. तालुक्याच्या आय.टी.आय.मध्ये त्याने हे शिक्षण घेतले होते. पहाटे चारला घरून निघून त्याने वाटेत एक फ्रीज दुरुस्तही केला होता. सासूबाईंनी चहा पुढे केला तर म्हणाला, ‘आधी पायतो जी. मंग चहा.’

माझ्या व्यवसायात माणसे आधी चहा घेतात.

मला वाटले होते, की हाही गॅस भरील आणि जाईल. मी तसे सुचवलेही. तो हसला. ‘सर, गॅस काय पेट्रोल हाय का, जळून जायले? तो संपत नसते. कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला. भोक सापडल्याबिगर भरला, तं दिवाळीले पुन्हा रिकामा.’

हे वाक्य मी मनात टिपून ठेवले. दोन वर्षे आमच्या मेहुण्यांनी ज्याचे पैसे मोजले ते दुरुस्तीचे नव्हते, मुदतवाढीचे होते.

तो काम करीत होता आणि मी भिंतीला टेकून प्रश्न विचारीत होतो. प्राध्यापकाला दुसरे काय येते? दीड टन म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळले. मी इतके दिवस ते यंत्राचे वजन समजत होतो. पूर्वी गारव्यासाठी बर्फच वापरीत. दोन हजार पौंडांचा अमेरिकी टनभर बर्फ चोवीस तासांत वितळवायला जितकी उष्णता लागते, तितकी उष्णता खोलीतून काढून नेणे म्हणजे एक टन. आमच्या भिंतीवरचा तो पांढरा डबा नीट चालला तर रोज साडेतेराशे किलो बर्फाचे काम करणार होता. ‘अन् हा गार करत नसते, सर,’ तो म्हणाला. ‘आतली गरमी उचलते अन् बाहेर नेऊन टाकते. हमालच समजा.’

या हमालाचा इतिहास मी घरी परतल्यावर वाचला, तो मोठा गमतीचा आहे. अमेरिकेत फ्लॉरिडामध्ये जॉन गॉरी नावाचे एक डॉक्टर होते. तापाने फणफणलेल्या रोग्यांची खोली गार राहावी म्हणून त्यांनी बर्फ करण्याचे यंत्र बनवले आणि १८५१ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. भांडवल मिळाले नाही, हेटाळणी मात्र भरपूर झाली, आणि १८५५ मध्ये ते वारले. पुढे १९०२ मध्ये विलिस कॅरियर या तरुण इंजिनियराने आजच्या वातानुकूलनाचा पाया घातला, पण माणसांसाठी नव्हे. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेमुळे कागद फुगे आणि रंगीत छपाईचे रंग एकमेकांवर नीट बसत नसत. त्यासाठी हवेतला दमटपणा ताब्यात ठेवणारे यंत्र त्याने आखले. म्हणजे ज्या वस्तूला आपण चैन म्हणतो, तिची कल्पना प्रथम रोग्यांसाठी सुचली आणि ती यशस्वी झाली छापील कागदासाठी. हा अंक हातात घेऊन गार खोलीत बसलेल्या वाचकांनी दोघांचेही स्मरण करायला हरकत नाही.

तर आमचा मेकॅनिक. त्याने बाहेरचा डबा उघडला. तो घराच्या मागच्या भिंतीवर, गोठ्याच्या वळचणीखाली, अगदी गोमूत्राच्या नालीवर बसवला होता. पुढून दिसू नये, शोभा जाऊ नये, म्हणून बसवणाऱ्यांनी ती जागा निवडली होती. जाळीत कुटार आणि धूळ यांचा बोटभर थर. तो त्याने ब्रशने झाडून, पाण्याने धुऊन काढला. मग नळ्यांत नायट्रोजन भरून दाब दिला आणि साबणाचा फेस प्रत्येक जोडाला लावीत गेला. एका पितळी नटापाशी फेसातून मोहरीएवढा बुडबुडा आला, फुटला, पुन्हा आला. नट काढून त्याने माझ्या तळहातावर ठेवला. केसासारखी बारीक चीर.

‘गोठ्याच्या मागे पितळ टिकत नसते,’ तो म्हणाला. ‘तीन घरी पायलं मी. जिथं ढोराचं मूत, तिथं नट फाटते.’

हे त्याला कोणी शिकवले नव्हते. तीन घरांनी शिकवले होते. नंतर मला याचा दाखला मिळाला, तोही थेट हिंदुस्थानातला. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागांत साठवली, की त्यांना आपोआप चिरा पडत. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया आणि दमट हवा यांचा ताणलेल्या पितळेवर होणारा हा परिणाम आहे, हे शास्त्रज्ञांनी १९२१ मध्ये दाखवून दिले. इंग्रजीत त्याला ऋतूवरून नाव पडले आहे. आमच्या मेकॅनिकने ऋतूचे किंवा शास्त्राचे नाव घेतले नाही. नुसते नाकाला रुमाल लावून बोट दाखवले.

‘डबा इथून हलवा लागते,’ तो म्हणाला. ‘नायी तं दोन वर्षांनी पुन्हा मले बोलवान.’

हलवायचा कुठे, यावर घरात सभा भरली. पुढच्या ओसरीवर लावावा तर येणाऱ्याजाणाऱ्यांच्या तोंडावर झळ. सासूबाईंची तुळसही तिथेच. मेहुण्यांनी पुण्याहून फोनवर सांगितले, की आहे तिथेच राहू द्या, पाहिजे तर दर वर्षी गॅस भरू. तेव्हा माजघरात खाटेवर पडलेले मामाजी पहिल्यांदा बोलले.

‘बंद पडला ते बरं झालं. राहू द्या तसाच.’

सौ. संतापली. काल एवढे झाल्यावर हा कसला हट्ट! मामाजींनी भिंतीकडे तोंड केले. मग दारात उभा असलेला सालदार खाली मान घालून सांगू लागला. गेल्या उन्हाळ्यात ए.सी. चालू असला, की त्या डब्याची गरम हवा थेट बैलांच्या अंगावर येई. पांढरा बैल खुंट्याभोवती तोंड फिरवून उभा राही, कुटाराला तोंड लावीत नसे. धन्यांना खिडकीतून दिसे. मग दुपारचे सगळे निजले, की धनी हळूच उठून बटण बंद करीत. ‘मले म्हणत, कोणाले सांगू नको.’

कोणी काही बोलले नाही. मी मराठीचा मास्तर. वातानुकूलन हा शब्द मी वर्गात कौतुकाने फोडून दाखवला आहे. वारा अनुकूल करणे. पण तो आतल्याला अनुकूल करताना मागच्याला प्रतिकूल होतो, आणि मागे कोणीतरी उभे असू शकते, हे माझ्या समासविग्रहात कधी आले नव्हते. दीड टन उष्णता भिंतीपलीकडे जाते, आणि यंत्राने खाल्लेली वीजही शेवटी उष्णता होऊन तिच्यात मिळते. ती कोणाच्या तरी अंगावर जाणारच. मामाजींना हे यंत्रशास्त्र ठाऊक नव्हते. त्यांनी बैलाचे तोंड पाहिले होते.

मेकॅनिक बराच वेळ घराभोवती फिरला. मग परत येऊन मामाजींच्या खाटेपाशी उकिडवा बसला. ‘आबाजी, पूर्वेच्या भिंतीवर उंच लावतो. आढ्याखाली. तिकडे कोणी बसत नाही, ढोरं नाहीत, सकाळचं ऊन सोडलं तं सावली हाय. हवा वरच्या वर निघून जाईन. दहा फूट नळी जास्त लागते. चालन?’

मामाजींनी विचारले, ‘वाऱ्याचा रोख?’

‘गोठ्याकडे नाही जी. पायलं मी.’

‘मंग लाव.’

अकरापर्यंत लोखंडी कोन भिंतीत बसले, डबा वर चढला, नवे नट, नवी नळी लागली. अंगणात खड्डा करून त्याने अर्थिंगची तारही नव्याने घेतली आणि कूलरही तिलाच जोडला. विदर्भात दर उन्हाळ्यात ओल्या पत्र्याच्या कूलरचा झटका लागून माणसे जातात, हे सांगताना तो पहिल्यांदाच गंभीर झाला. मग नळ्यांतली हवा ओढून काढण्यासाठी पंप लावला, आणि वीज गेली.

ती पावणेतीनला आली. तोवर हा कडूनिंबाखाली खाटेवर डोक्याला दुपट्टा गुंडाळून पडून होता. सासूबाईंनी त्याला पन्हे दिले, ज्वारीची भाकरी आणि कांदा दिला. एप्रिल ते जून हे त्याचे तीन महिने. पुढे पावसाळ्यात शेतातल्या मोटरी गुंडाळणे, थंडीत फ्रीज. ‘घरी ए.सी. आहे का?’ मी विचारले आणि विचारल्यावर लाजलो. ‘टिनाचं घर हाय, सर. ए.सी. लावला तं टिन हसन. कूलर हाय, आईपाशी ठेवतो.’

वीज आल्यावर त्याने अर्धा तास पंप चालवला, काटा खाली जाऊन तिथेच ठरतो का ते घड्याळ लावून पाहिले, आणि मग सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून गॅस मोजून भरला. मागच्या दोघांनी वजनकाटा आणलाच नव्हता, असे सासूबाई म्हणाल्या. साडेचारला खोलीत गार हवा आली. त्याने आकडा सत्तावीसवर ठेवला आणि सोबत छताचा पंखा लावला. ‘अठरावर नेऊ नका. व्होल्टेज कमी हाय, मशीन दमते. आबाजीलेही सत्तावीस लय झाले.’ वहीच्या पानावर हिशेब लिहून दिला: सहा हजार दोनशे. फाटका नट मी मागून घेतला. तो आता माझ्या टेबलावर आहे.

मामाजी मात्र लगेच खोलीत गेले नाहीत. काठी टेकीत, सौ.च्या खांद्याचा आधार घेत आधी गोठ्यापर्यंत गेले. पांढऱ्या बैलापाशी थोडा वेळ उभे राहिले, हाताचा तळवा हवेत धरून पाहिला. मग म्हणाले, ‘चाल.’

पाच दिवसांनी आम्ही निघालो. वरोऱ्याच्या बाहेर, पलीकडे बाबा आमट्यांचे आनंदवन, आणि आकाशात विजेच्या तारांचे उंच मनोरे. चंद्रपूरचे औष्णिक वीजकेंद्र महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक. त्याची क्षमता २९२० मेगावॉट आहे. तिथून थेट कल्याणजवळच्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची उच्च दाबाची तार १९९९ पासून वीज वाहून नेते. मी डोंबिवलीला राहतो. म्हणजे मामाजींच्या जिल्ह्यात कोळसा जळतो, राख पडते, हवा तापते; आणि काटा मामाजींच्या घरी एकशे साठवर आणि माझ्या घरी दोनशे तीसवर. डब्याची झळ गोठ्यावर जाते म्हणून मी सासरी सभेत मोठ्या हिरीरीने बोललो होतो. माझ्या खोलीची झळ कुठे जाते, हे मला एस.टी.त बसल्यावर सुचले.

घरी आल्यावर पहिल्या रात्री मुलांनी सवयीने ए.सी. लावला. मी उठून तो बंद केला असे लिहिले तर ते खोटे होईल. फक्त आकडा बावीसचा सत्तावीस केला आणि पंखा लावला. मुलांनी थोडी कुरकुर केली, मग झोपली.

पावसाळा लागल्यावर मामाजींना फोन केला. आवाज ठणठणीत होता. प्रकृती कशी आहे, असे मी विचारले.

‘बैल बरे हायेत,’ ते म्हणाले. ‘पेरणी झाली.’